ओल्या सकाळची निळी ठिणगी

हो, मीच बोलतेय! टांझानियातल्या बुकोबाच्या केळीच्या बागांत राहणारी ही म्हातारी पांढरी गाडी. आज गप्प बसवतच नाही मला.

जन्म समुद्रापार कुठल्याशा कारखान्यातला, पण तो धड आठवत नाही. आठवतात ते माझे मालक, ब्याबातो मास्तर. आणल्या दिवशी त्यांनी मला तळ्याच्या पाण्यानं घासूनपुसून धुतलं आणि बायकोसाठी दार उघडून धरलं. ती कोकुगोंझा, चर्चच्या गायनमंडळातली पहिला सूर धरणारी. तिच्या मैत्रिणी माझ्या पोटात बसून गात गेल्या की माझा टपही थरथरायचा.

म्हातारपणी मला एक दुखणं जडलं. उन्हात मी झटक्यात सुरू व्हायचे, पण पाऊस आला की नुसती खोकायचे. मास्तरांनी बॅटरी बदलली, प्लग बदलले, पेट्रोलची नळी साफ केली. कुणी चाकाला लाथही घातली. माणसं चिडली की चाकालाच का मारतात, कोण जाणे! शेवटी सोमवारी भंगारवाला मला नेणार असं ठरलं.

आदल्या रविवारी गायनस्पर्धा होती आणि सकाळपासून धो-धो पाऊस. चार बायका नटूनथटून शेडमध्ये उभ्या.

"अलिंडाचे बाबा, ही सुरू झाली नाही ना, तर तुम्हालाच जुंपीन हिला!" कोकुगोंझा मास्तरांना म्हणाली.

"जुंप की! मी निदान पावसात सुरू तरी होतो."

बायका खो-खो हसल्या. कोकुगोंझा मात्र डोळे पुसत होती. गेल्या वर्षीही पावसानंच त्यांची स्पर्धा हुकवली होती.

झड आत येऊ लागली, तसं तिनं कपडे भिजू नयेत म्हणून शेडचं दार ओढून घेतलं. आत काळोख झाला. माझं बॉनेट उघडंच होतं. मास्तरांनी किल्ली फिरवली आणि ती किंचाळली, "अहो, थांबा! नाही नाही, थांबू नका, परत फिरवा! इथं काहीतरी निळं नाचतंय!"

पुन्हा किल्ली फिरली. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या माझ्या काळ्या टोपीवर निळी रेघ सळसळली. मास्तर धावत आले.

"अगं, सापडलं! आत जायची ठिणगी ही बाहेरच उंडारतेय!"

किल्ली बंद करून त्यांनी टोपी काढली. तिला केसाएवढी चीर पडली होती आणि चिरेत ओल शिरली होती. त्यांनी ती खरवडली, कोरडी केली.

"आता बुजवू कशानं?"

मंडळातली सगळ्यात नटवी जस्टा पुढे झाली. तिनं पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं. "घ्या. पण दोन हात द्या हं, एका हातानं रंग खुलत नाही!"

रंग वाळला, टोपी बसली, किल्ली फिरली. घर्रर्र! काय सांगू, माझ्या चारी चाकांत वारं शिरलं! चिखल उडवत, चढ चढत आम्ही स्पर्धेच्या ठिकाणी पोचलो, तेव्हा आत त्यांच्याच मंडळाचं नाव पुकारत होते. खिडकीतून कोकुगोंझाचा सूर बाहेर आला आणि फाटकातला पहारेकरीही छत्री मिटून ऐकत राहिला. नंबर दुसरा आला, पण परतताना त्या पहिला आल्यासारख्याच ओरडत होत्या.

सोमवारी भंगारवाला भर पावसात चालत आला. मास्तरांनी त्याच्यादेखत मला सुरू केलं. "भिजलात की हो! बसा, घरी सोडतो."

आता मला नवी टोपी मिळालीय. तुमच्या अंगणातली एखादी गाडी पावसात खोकत असेल, तर तिला मोडीत काढायची घाई करू नका. जरा अंधार करून तिच्याकडे बघा.

बरं, निघते. बायका बसल्या, कोकुगोंझा हॉर्न वाजवतेय. आणि हे बघा, पाऊसही आला. येऊ दे!