बुजलेली छिद्रं

मी एक शेल खडक. खरं तर आता चमचाभर काळी पूडच उरलोय, पण खडक म्हणवून घ्यायची खोड जात नाही.

समुद्राच्या तळाशी बारीक चिखल साचला, त्यात मेलेले सूक्ष्म जीव मिसळले, वर थरांवर थर चढले आणि मी घडलो. बाहेरून मी गुळगुळीत दिसतो. आत मात्र डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं.

एका कारखान्याला आपलं घाण पाणी जमिनीखाली सोडायचं होतं. मी ते अडवीन की झिरपू देईन, हे बघायला भोक पाडून मला वर काढलं. बाकीचे तुकडे तपासण्यांत संपले. शेवटचा मी, प्रयोगशाळेतल्या ताईच्या हाती आलो. तिची आई त्या कारखान्याजवळच्याच वस्तीत राहते, विहिरीचं पाणी पिते.

ताईनं मला कुटून काचेच्या नळीत भरलं. आधी नळीतली हवा ओढत मला मंद तापवायचं, म्हणजे छिद्रांतला ओलावा निघतो. मग कडाक्याच्या थंडीत थोडा थोडा नायट्रोजन सोडायचा. तो छिद्रांच्या भिंतींना चिकटतो. कोणत्या दाबाला किती चिकटला, यावरून छिद्रं केवढी ते कळतं.

पण यंत्रासाठी रांग लागली होती आणि तिच्या वरच्या सरांना घाई होती.

"अगं, दगड आहे तो, दूध नाही उतू जायला. वाढव तापमान."

आतला मेलेल्या जीवांचा काळा अंश वितळेल, असं ताई पुटपुटली. मग बस इथेच म्हातारी होईपर्यंत, म्हणून सर हसले. तिनं तापमान वाढवलं.

त्या जीवांचा काळा अंश मऊ पडला आणि छिद्रांच्या तोंडाशी जाऊन बसला. नायट्रोजन आला तो दारावरूनच परत गेला. आलेखाची रेघ तळालाच चिकटून राहिली. किती घट्ट खडक, म्हणून सर खूश झाले.

ताईचा चेहरा उतरला. "सर, छिद्रं होती. आपण बुजवलीत. हे आकडे देऊ नका."

"मग दुसरा तुकडा आण."

दुसरा तुकडा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. हा खडक पाणी अडवतो, अशा अहवालावर सरांनी सही केली.

आता तिथे कारखान्याचं घाण पाणी सोडायला सुरुवात झालीय. मी कपाटात, एका बाटलीत पडून असतो. ताई कधी कधी बाटली हातात घेऊन नुसती उभी राहते. विहिरीचं पाणी पिऊ नकोस, असं तिनं आईला कितीदा सांगितलं. सरांपेक्षा तुला जास्त कळतं का, असं आई विचारते.

वाचकहो, त्या अहवालात माझ्या नावावर जे लिहिलंय, ते मी सांगितलेलं नाही.