मागे दुमडलेल्या सात बायका

“मिस स्ट्राउड, आमच्या बायकांची मुंडकी कुठे गेली?”

विचारून टाकलं एकदाचं! पैज होती ना. “उद्घाटनाला सगळ्यांसमोर, माइक चालू असताना विचारलंस तर खरी,” असं वर्गातल्या ब्रुकने डिवचलं होतं. शॅनन तर फिदीफिदी हसली होती: “ही? ही दुकानात पाव मागतानासुद्धा सॉरी म्हणते!” गेल्या वर्षीची इशबेल म्हणायची, कबूल. यंदाची नाही. यंदा ती सोळा वर्षांची होती, आणि हॅलिफॅक्सच्या कलादालनात, कॅनडातल्या आजच्या नऊ कलावंतांच्या समूह प्रदर्शनात, भिंतीवर तिचं नाव लागलं होतं.

नाव अख्खं होतं. गालिचा मात्र अर्धाच होता.

गोणपाटातून जुन्या कपड्यांच्या चिंध्या हुकाने ओढून ओढून तिने तो दोन हिवाळे खपून भरला होता. गावच्या बंद पडलेल्या मासळी कारखान्यातल्या सात बायका, त्यांच्याच ॲप्रन-स्वेटरच्या चिंध्यांनी केलेल्या. चौथी तिची आई. येत्या रविवारी त्या सातही जणी भाड्याची बस करून स्वतःला बघायला येणार होत्या. थोरल्या टेरेसाने तर त्यासाठी लिपस्टिक घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा. आणि भिंतीवर काय, तर चौदा हात, सात सुऱ्या आणि मासे! कोपरांच्या वरचं सगळं मागे दुमडलेलं. खाली पाटी: ‘कलावंताने चेहरे मुद्दाम दडवले आहेत.’

वेरना स्ट्राउड या प्रदर्शनाची क्युरेटर. कोणते कलावंत घ्यायचे, कुणाच्या शेजारी कुणाला टांगायचं, पाटीवर काय छापायचं, सगळा तिचा शब्द. ती गोड हसली.

“बाळ, अर्जात तू माप लिहिलंस चौऱ्याऐंशी बाय चौऱ्याऐंशी. पुढे काहीच नाही. मी सेंटिमीटर धरले.”

इशबेलने माप इंचात लिहिलं होतं. शाळेत सेंटिमीटर, रस्त्यावर किलोमीटर, पण कापड इंचातच मोजायचं, हे तिच्या गावात कुणी लिहून दाखवत नाही. जेमतेम तीन फुटांची जागा राखलेली, आणि पेटीतून निघाला सात फुटी गालिचा! बाजूचे फोटो सरकवून रुंदी मिळवली होती, उंचीला वर टांगलेली लोखंडी बोट आडवी आली होती.

“चूक माझी,” ती म्हणाली. कान तापले होते, आवाज नाही कापला. “मग पाटीवर तसंच लिहा. ‘भिंत पुरली नाही म्हणून दुमडला.’”

लोक हसले. मिस स्ट्राउडचं हसू विरलं.

“समूह प्रदर्शन म्हणजे कोरस असतो. एकीनेच गळा काढला तर बाकी आठांचं वाटोळं. आणि खरं सांगू? चेहऱ्यांमुळे ते जत्रेतल्या हस्तकलेसारखं दिसत होतं. नुसते हात उरले, तेव्हा कुठे ती कला झाली.”

“मग नावही तुमचंच लावा! ‘दुमडणारी: वेरना स्ट्राउड.’”

“ए पोरी,” लोखंडी बोटवाला म्हातारा मागून ओरडला, “माझी बोट हलवलीस तर याद राख!”

“नाही हलवत, आजोबा. माणसांना जागा नसली तरी गंजाला आहे की इथे!”

खाट्‌कन माइक बंद झाला. मिस स्ट्राउड जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “तुला पुढच्या वर्षी माँट्रियलला नेणार होते. आता विसर. आणि गालिचा एप्रिलअखेर इथंच राहील. तू अजून लहान आहेस, करारावर सही तुझ्या आईवडिलांची आहे. त्यांच्या पत्राशिवाय खिळासुद्धा निघायचा नाही.”

बाहेर ट्रक गरम करत आई-बाबा बसले होते. इशबेलने दार आपटलं.

“झालं समाधान?” बाबा कडाडले. “अख्ख्या गिलिस खानदानात कुणाचं नाव फोनच्या पुस्तकाबाहेर छापून आलंय का? तुझं आलं! आणि तू त्या बाईशी भांडतेस?”

“राहू दे गं तस्संच,” आई म्हणाली. “नाहीतरी माझं नाक बटाट्यासारखं आलंय.”

“तुझं नाक तसंच आहे, आई. म्हणून तर ते दिसायला हवं.”

“आणि परत कुणी बोलावलं नाही तर?” आईने विचारलं.

कुणी बोलावणार नव्हतंच. माँट्रियल तर आत्ताच गेलं होतं. इशबेलने प्रदर्शनाचं माहितीपत्रक उलटं करून पुढे धरलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने चार ओळी खरडल्या होत्या.

“ऐका दोघं. मी गालिचा परत घेतेय. सही तुमची चालते म्हणे, तर ही घ्या, इथे करा. सकाळी आपण तो घेऊनच गावी जायचं. टेरेसाला मी फोन करते, बस रद्द. रविवारी आपल्या बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये टांगायचा, डोक्यांसकट. तिथली भिंत बारा फूट आहे. आणि या वेळी, बाबा, फूट म्हणजे फूट!”