तेल सोडलेल्या माणसाचं काळीज

रंगाऱ्याला कधी नव्हे तो राग आला. समोर बसलेल्या डॉक्टरबाई म्हणत होत्या, "तुमच्या लिव्हरमध्ये फार चरबी आहे. तुकडा काढून बहिणीला देता येणार नाही."

"चरबी? अहो, चार वर्षं तेल-तुपाला शिवलो नाही मी! माझी भाजीसुद्धा उकडलेली असते."

धाकट्या बहिणीचं लिव्हर पार कामातून गेलं होतं आणि जुळणारा माणूस हा एकटाच. लहानपणापासून तो तिला म्हणायचा, "तुझ्यासाठी काळीज काढून देईन." आता खरंच द्यायची वेळ आली, तर हे असलं निघालं!

"दिवसभर पिता काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"फळांचा रस, दोन बाटल्या. शिडीवर उन्हात उभं राहायचं म्हणजे अंगात ताकद नको? आणि चहा, चार चमचे साखर घालून. पण तेल नाही हं!"

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. "साखर जास्त झाली की लिव्हर तिचीच चरबी बनवतं. निरोगी माणसातही बनवतं, पण थोडी, आणि ती पुढे पाठवून मोकळं होतं. तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. इन्सुलिन लिव्हरला दोन गोष्टी सांगतं. रक्तात साखर सोडू नकोस, आणि जादा साखरेची चरबी कर. तुमचं लिव्हर पहिली ऐकेनासं झालंय, दुसरी मात्र इमानेइतबारे ऐकतंय. म्हणून साखरही वाढते आणि चरबीही."

"म्हणजे एका कानाने बहिरं!"

"अगदी. आठ आठवडे गोड बंद करा, मग पुन्हा तपासू. तेवढा वेळ बहिणीकडे आहे. त्याहून जास्त सांगता येत नाही."

पहिला आठवडा डोकं नुसतं भणभणलं. बायकोवर उगाच खेकसला, मग तिची माफी मागितली. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून ढोसला. संध्याकाळी काम उरकलं की बहिणीकडे जायचा. ती पिवळी पडत चाललेली, तरी म्हणायची, "दादा, कशाला जिवाचे हाल करतोस? माझं व्हायचं ते होईल." हिने हाय खाल्ली की काय, या विचाराने तो घाबरायचा.

आठव्या आठवड्यात रिपोर्ट आला. चरबी उतरली होती, ऑपरेशनची तारीखही मिळाली. तो तडक तिच्या खोलीत गेला आणि धापा टाकत एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

 ती त्याचा रंगाने माखलेला हात धरून हमसाहमशी रडायला लागली.

"मला जगायचंय रे दादा," ती म्हणाली. "तुला ओझं वाटेल म्हणून बोलले नाही. फार जगायचंय मला."