नलू इलां

गिरणी बंद पडल्यावर कुणी "काय करता?" म्हणून विचारलं, की मी खाली बघायचो. गिरणीत आहे म्हणावं तर गिरणी नव्हती, नाही म्हणावं तर संप कुणी मागे घेतलेला नव्हता. त्यामुळे नलूनं जेव्हा "मी बाई नाही आणि पुरुषही नाही" असं सांगितलं, तेव्हा शब्द नसण्याची अडचण तेवढी मला कळली. बाकीचं कळलं असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

नलू आमचं नातवंड. नात म्हटलेलं चालत नाही, नातू म्हटलेलंही नाही. नॉनबायनरी हा शब्द मी पाठ केला. नलू "मी आलं, मी जेवलं" असं बोलतं. बाहेर लोक हसतात. आमच्या लालबागच्या खोलीत कुणी हसलं नाही, कारण माझी बायको कौसल्या मालवणी बोलते आणि मालवणीत बिनलग्नाच्या मुलीला नपुंसकलिंगच लावतात. "नलू इलां काय?", म्हणजे 'नलू आलं का?', असं ती पहिल्यापासून विचारत आलेली. नलूला वाटायचं, आजीला न सांगताच समजलंय. मलाही तसंच वाटायचं.

मग नलूनं छाती काढून टाकायचं ऑपरेशन ठरवलं. आईबापांनी घरात येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. नंतर काही दिवस हात वर करता येणार नव्हते, जवळ माणूस लागणार होतं. नलूला आमच्याकडेच राहायचं होतं.

"म्हणजे पुरुष होणार का?" मी चाचरत विचारलं.

"नाही आजोबा. फक्त हे नकोय."

मी कौसल्येला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

"लगीन झालां काय 'तां'चां 'ती' होतलां," शेवटी ती म्हणाली, "म्हणान मी वाट बघत रवलंय."

त्या दिवसापासून 'तां', म्हणजे 'ते', सोडून ती नलूला मुद्दाम 'ती' म्हणू लागली. तिला सांगा, इथे जागा नाही, असा निरोपही माझ्याकडे दिला. मी तो पोचवला नाही. पण फोनवर मागून तिचा आवाज नलूला ऐकू गेला असावा.

"आजी मला 'ती' म्हणाली," एवढंच नलू बोललं.

हॉस्पिटलातून सोडलं तेव्हा मी कौसल्येला न विचारता टॅक्सी आमच्या चाळीकडे घ्यायला लावली. सगळा रस्ता मला आपलं चुकतंय असंच वाटत होतं. नलू डोळे मिटून, खांदे आवळून बसलं होतं.

दार उघडून कौसल्या दारातच उभी राहिली. गॅलरीच्या टोकाकडून शेजारच्या राधाबाईंनी विचारलं, "कोण इला गो, कौसल्या?"

कौसल्येनं नलूच्या शर्टाखालच्या पट्टीकडे पाहिलं.

"नलू," ती म्हणाली.

पुढे इलां नाही, इली नाही. मग ती दारातून बाजूला झाली.

मी पिशवी आत ठेवली. नलू उंबऱ्याबाहेरच उभं होतं, पुढचा शब्द येईल म्हणून थांबलेलं.