खडूची ओली खूण

१९८४ सालच्या मे महिन्यातल्या एका सकाळी वाल्मीक सिन्नरहून आलेल्या एसटीतून हिवरदऱ्याच्या फाट्यावर उतरला. खांद्यावरच्या कापडी पिशवीत पोलादी टेप, खडूचे चार तुकडे आणि नोंदवही होती. जमिनीखालचे पाणी मोजणाऱ्या सरकारी कार्यालयात तो नोकरीला होता. या गावातल्या एका ठरलेल्या विहिरीची पातळी त्याला वर्षातून दोनदा नोंदवावी लागे, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर.

विहिरीचे पाणी मोजण्याची रीत सोपी आहे. चौथीतल्या मुलालाही जमेल. टेपच्या टोकाला दोन हात खडू घासायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. पाणी लागते तिथपर्यंत खडू ओला होऊन काळपट दिसतो. त्या खुणेवरून पाणी किती खोल आहे ते कळते.

पण हिवरदऱ्यात वाल्मीक टेप सोडत नसे. ठरलेली विहीर मारुतीच्या देवळासमोरची आणि वाल्मीक बौद्ध. त्याच्या आधी हे काम करणारा सावळीरामही बौद्धच. जाताना त्याने वाल्मीकला समजावले होते, की आपण कडुलिंबाखाली थांबायचे, पाटलांचा गडी झिपरू टेप सोडतो आणि आकडा ओरडून सांगतो, तो लिहायचा. तीन वर्षे वाल्मीक तेच करत आला. टेप परत देण्याआधी झिपरू तो धोतराने स्वच्छ पुसून देई. आकडा दर मे महिन्यात सहा मीटरच्या आसपास असे. विहिरीवर येऊ नकोस, असे वाल्मीकला कुणी म्हटले नव्हते. त्याने कधी विचारलेच नव्हते.

त्या आकड्याला नाशकात फार वजन होते. एक कार्यालय पाणी मोजे, दुसऱ्याकडे बोअर पाडण्याचे यंत्र होते, तिसरे मागास वस्त्यांच्या पाण्यासाठी निधी देई. मेअखेरीस तिघांची बैठक होई आणि आकडे पाहून यंत्र कुठे धाडायचे ते ठरे. सहा मीटरवर पाणी असलेल्या गावाला टंचाई कसली, असे म्हणून हिवरदऱ्याच्या बौद्धवाड्याचा अर्ज तीनदा मागे पडला होता. उलट पाणी खोल गेल्याचे कागदावर आले असते, तर शिवारात नव्या विहिरींना कर्ज मिळणे बंद झाले असते. पुंजाराम पाटलांना हे पक्के ठाऊक होते.

त्या दिवशी वाल्मीक नेहमीप्रमाणे आधी बौद्धवाड्यात पाणी प्यायला गेला. चतुराबाई वाड्याच्या विहिरीवर बसली होती.

"जयभीम, भाऊ. जरा थांबावं लागंल. बया खाली हाय."

बया म्हणजे तिची सून. विहीर चाळीस फूट खोल, मुरमाची, आतून बांधलेली नव्हती. वाड्यात सर्वांत हलकी बया, म्हणून रोज तीच खोबण्यांत पाय रोवून खाली उतरे, तळाशी पाझर साठेपर्यंत बसे आणि वाटीने घागर भरी. वाल्मीक वाकून पाहू लागला. कडेचा एक खडा सुटून खाली पडला, मग दुसरा.

"आईकलं का?" चतुराबाई हळूच म्हणाली. "आधी दिसाकाठी एखादा पडायचा. आता मोजता येत नाय."

"बयाबाई, वर या तुम्ही," वाल्मीकने हाक दिली.

खालून हसण्याचा आवाज आला. "भाऊ, हितं लय गार हाय. तुमच्या कचेरीत पंखा तरी हाय का? दोन वाट्या ऱ्हायल्यात, आले."

ती वर आल्यावर वाल्मीकने तिथे टेप सोडला. बारा मीटरवर तो तळाला टेकला. खडू जेमतेम बोटभर भिजला. देवळासमोरची विहीर तिथून दोनशे पावलांवर होती. वर कुणीही कितीही भिंती घातल्या तरी खाली मुरूम एकच आणि पाणीही एकच. मग दोनशे पावलांत सहा मीटरचा फरक कसा पडेल? हा प्रश्न त्याला आजच पडला असे नव्हे. तीन वर्षे तो प्रश्न घेऊनच एसटीत बसत होता.

देवळासमोर पाटील बाजेवर बसले होते. झिपरूने टेपसाठी हात पुढे केला. वाल्मीक म्हणाला, "आज मी सोडतो."

पाटील हसले. "भाऊसाहेब, झिपरूची नजर घारीची हाय. तुम्ही सावलीला बसा, चहा येतोय."

"खूण मला पाहायची आहे."

"कायदा मला ठाव हाय. मी नाय म्हणत नाय. पण गावच्या बाया भरत्यात हितं."

"नाही म्हणत नसाल, तर सोडतो," वाल्मीक म्हणाला आणि कठड्याकडे चालू लागला.

झिपरूने पाटलांकडे पाहिले आणि मान खाली घालून तो बाजूला झाला. टेप सरसरत गेला. सहा मीटर झाले, आठ झाले, दहा झाले. वर ओढल्यावर खडूची ओली खूण निघाली अकरा मीटर ऐंशीवर. वाल्मीकने ती न पुसता पाटलांपुढे धरली.

"ह्याचं काय व्हईल, ते कळतंय का तुला?" पाटील हळू आवाजात म्हणाले.

दुपारी त्या विहिरीवर गोमूत्र शिंपडले गेले. संध्याकाळी गावाने तिचेच पाणी भरले, कारण दुसरे नव्हतेच.

आकडा नाशकात पोहोचला. तिन्ही कार्यालयांनी एकाच बैठकीत होकार दिला, निधीही ठरला. मात्र हुकमावर तिघांच्या सह्या लागत, आणि एक साहेब वणीला दौऱ्यावर होते. यंत्र पाच जूनला निघेल असे ठरले.

दोन जूनला सकाळी वाड्याची विहीर ढासळली. बया खाली होती. फावडी घेऊन गावातली माणसे धावत आली. त्यांतले कित्येक त्या वाड्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. बयाला वर काढेपर्यंत दिवस कलला होता. तिच्या गार पडलेल्या मुठीत वाटी होती.

पाच तारखेला यंत्र आले. वाल्मीक सोबत होता. चतुराबाई उंबऱ्यावर बसली होती. आकडा बदलला म्हणून यंत्र आले, हे तिला कुणीतरी सांगितले होते.

"हा आकडा तीन वर्सं कुठं व्हता, भाऊ?" तिने विचारले.

वाल्मीक तिच्यासमोर खाली बसला. त्याने नोंदवहीची मागची पाने उघडली आणि आपल्या प्रत्येक जुन्या सहीखाली लिहिले, 'हे पाणी मी मोजलेले नाही. दुसऱ्याने सांगितले ते लिहिले.' चतुराबाईला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने ते वाचून दाखवले. यंत्र पाहायला जमलेल्या माणसांत पाटील होते, झिपरूही होता.

"पुन्यांदा वाच," चतुराबाई म्हणाली. "मोठ्यानं वाच. समद्यांना आईकू जाऊ दे."

वाल्मीक उभा राहिला आणि पहिल्या सहीपासून वाचू लागला.