‘नंतर’च दाबा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे किडा म्हणतात. लहानपणी आधी रेडिओ उघडून ठेवला, मग भिंतीवरचं घड्याळ, मग शेजाऱ्यांचं घड्याळ. चांगली चाललेली वस्तू दिसली की याचे हात शिवशिवायचे. आता तेच हात जिथे ठेवू तिथे पडून असतात. नसांचा आजार. आधी बोटं गेली, मग पाय, मग जीभ. उरलेत डोळे, आणि डोक्यातला किडेपणा जसाच्या तसा. नशिबालाही थट्टा करायची हौस असते, दुसरं काय म्हणायचं!

जीभ जायच्या आधी त्याने एक काम मात्र उरकून घेतलं. रजया कोंबलेल्या कपाटात तोंड खुपसून आठवडाभर वाक्यं वाचली, रेकॉर्ड केली आणि कॉम्प्युटरला स्वतःचा आवाज शिकवला. समोर कॅमेरा, स्क्रीनवर अक्षरं. ज्या अक्षराकडे तो बघेल ते उमटतं, आणि वाक्य झालं की कॉम्प्युटर त्याच्या आवाजात बोलतो. त्या आठवड्यात नेमकी त्याला सर्दी झाली होती. त्यामुळे गेली तीन वर्षं हा माणूस कायम नाक चोंदल्यासारखा बोलतोय. आई अजूनही त्याचा आवाज ऐकला की वाफेचं पाणी ठेवायला उठते.

कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे ज्याने त्याने हवी तशी जुळवून घ्यायची सिस्टीम. हा बोलण्याचा प्रोग्राम तयार मिळत होता, पण तयार घेतलं तर किडा कसला? सगळं स्वतः जुळवलं, दुकानातून न आणता घरीच शिवलेल्या कपड्यासारखं. म्हणूनच त्याने स्क्रीनच्या कडेला माझ्याकडून एक चिठ्ठी चिकटवून घेतली होती. ‘नवीन आवृत्ती टाकू का असं विचारलं तर ‘नंतर’च दाबा. ‘आत्ता’ दाबलंत तर माझी वाचा जाईल.’

शनिवारी सकाळी आईचा फोन आला. “बंद पडलंय गं ते. मी काहीच केलं नाही.”

माझं कामच दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळण्याचं. ‘मी काहीच केलं नाही’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की झोपेतही ओळखेन. पण बोलणारी आई होती, म्हणून बॅग उचलून निघाले.

त्या दिवशी बिघडायला नको होतं. चार वाजता डॉक्टर यायच्या होत्या. किड्याच्या छातीतलं बळ संपत आलं होतं, आणि गळ्यात नळी बसवून श्वासाचं यंत्र लावायचं की नाही ते त्या दिवशी ठरायचं होतं. हो म्हटलं तर संध्याकाळीच हॉस्पिटलात न्यायचं, नाही म्हटलं तर घरीच, त्रास कमी करणाऱ्या औषधांवर, होईल तितके दिवस. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही, असं आम्ही घरात चालवायचो. पण त्याच्या पापण्या हल्ली आपोआप मिटायच्या. डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच सांगितलं होतं, “असल्या निर्णयाला मी पापण्यांची साक्ष धरणार नाही. अक्षरांची पाटीही नको, ती तुमच्याच कुणाच्या तरी हातात असते. तो स्वतः बोलला तर त्याचं ऐकेन. नाहीतर आईने ठरवायचं.”

आईचं ठरलेलंच होतं. किड्याचं काय ठरलंय ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. “डॉक्टरांसमोर बोलेन, एकदाच,” एवढंच म्हणाला होता. पण मी त्याची बहीण आहे. मला ठाऊक होतं.

गेल्या गेल्या त्याच्या तोंडापुढे उभी राहिले. “काय रे, काय उद्योग केलास?” त्याने डोळे मिटले. नाही. मग टक लावून माझ्याकडे पाहत राहिला. दाराशी उभ्या आईकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

कॉम्प्युटर सुरू केला. नवी आवृत्ती, नवा रंग, नवं सगळं. अक्षरांची पट्टी क्षणभर झळकायची आणि गायब व्हायची. खोलात गेले तेव्हा घोळ कळला. प्रत्येक प्रोग्रामला खाली काही सामायिक तुकडे लागतात. चार बिऱ्हाडांत एक जिना असावा तसे ते सगळे मिळून वापरतात. नव्या आवृत्तीने जुना तुकडा काढून त्याच नावाचा नवा बसवला होता. वर आणखी शहाणपणा करून स्वतःचा एक बोलका प्रोग्रामही आणला होता, त्याचंही नाव तेच. आता हाक मारली की ओ द्यायला दोघे पुढे यायचे आणि एकमेकांचे पाय ओढून दोघेही पडायचे. एका म्यानात दोन तलवारी.

नवा काढून टाकू म्हटलं, तर सिस्टीमने यादी पुढे केली, याच्यासोबत हेही जाईल, तेही जाईल, सगळी स्क्रीनच जाईल. मेल्या, एक भाडेकरू काढायला सांगितला तर तू इमारत पाडायला निघालास! कुठूनसा त्याच नावाचा एक जुना तुकडा मिळवला आणि नव्याच्या जागी बसवला. स्क्रीन काळी पडली, ती पडलीच. कसंबसं पूर्वपदावर आणलं तेव्हा दुपार झाली होती आणि मी होते तिथेच होते.

एक वाट उरली होती. दोघांच्या चुली वेगळ्या करायच्या. किड्याच्या प्रोग्रामला त्याचे जुने तुकडे त्याच्याच घरात द्यायचे आणि सांगायचं, बाबा रे, तू बाहेर बघूच नकोस, तुला लागेल ते इथेच आहे. पण त्यासाठी ज्यांच्यावर त्याने सगळं जुळवलं होतं नेमके तेच तुकडे हवे होते. अक्षरांची पाटी घेतली आणि एकेका ओळीवर बोट फिरवत विचारलं. त्याच्या पापण्या ढळत होत्या, मी चुकत होते, चिडत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. शेवटी शब्द जुळले. ‘जुना लॅपटॉप. कपाट.’

“आई, कपाटाची किल्ली दे गं.”

आई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होती. ओटा पुसून झाला होता तरी पुसत होती.

“आई, किल्ली.”

“नाही देणार.”

“म्हणजे?”

“मीच दाबलं,” ती म्हणाली. “परवा दुपारी. तो झोपला होता. ‘आत्ता’ दाबलं.”

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा डोकं सणकलं. “चिठ्ठी वाचता येत नाही तुला?”

“वाचूनच दाबलं.” ती वळली. डोळे कोरडे ठणठणीत. “तो नाही म्हणणार. तुलाही माहितीये. त्याला बोलू दिलं की तो नाही म्हणणार आणि तुम्ही सगळे शहाणे माना हलवणार. मग काय करू मी? त्याच्या उशाशी बसून दिवस मोजू?”

“म्हणून त्याची जीभ कापलीस?”

“तोंड सांभाळून बोल!”

“तू सांभाळलंस? आई, तो आत सबंध आहे गं. त्याला सगळं कळतं!”

“नुसता श्वास घेत पडून राहिला तरी पुरे आहे मला. बोलला नाही तरी चालेल. मी त्याची आई आहे.”

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटून गेलं, राहू दे ना. कोण विचारणार आहे? सांगायचं, नाही जमलं दुरुस्त करायला. संध्याकाळी नळी बसेल, माझा भाऊ जिवंत राहील. मलाही तो हवाच होता. मी त्याला कडेवर घेऊन हिंडवलेलं आहे.

तेवढ्यात आतून घरघर ऐकू आली. दोघी धावलो.

किड्याचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “काय होतंय? पाणी हवंय?” आईने विचारलं. डोळे मिटले. की मिटले गेले? “मान दुखतेय? कफ काढू?” तिने तोंडात कफाची बारीक नळी घालून ओढून पाहिलं, काही आलं नाही, त्याला मात्र ठसका लागला. “उकडतंय? थंडी वाजतेय? पोट?” डोळे वर, मिटलेले, पुन्हा वर. कशाचा काय अर्थ लावायचा? आईने उशी बदलली, चादर काढली, परत घातली. मी पाटी घेतली, पण पाण्याने त्याचे डोळेच उघडे राहत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी कूस बदलायला म्हणून त्याला उचललं तेव्हा दिसलं, त्याचा डावा हात अंगाखाली पिळवटून अडकला होता. बोटं काळीनिळी पडली होती. सकाळी आईनेच त्याला त्या कुशीवर वळवलं होतं.

आईने तो हात मांडीवर घेतला आणि चोळत बसली. बराच वेळ चोळत होती. मग कमरेची किल्ली काढून माझ्याकडे टाकली.

लॅपटॉप सुरू व्हायला नाटकं करत होता, पण झाला. जुने तुकडे मिळाले. ते किड्याच्या प्रोग्रामच्या घरात नेऊन ठेवले, सुरुवातीच्या ओळीत लिहिलं की आधी इथे बघ, आणि नव्या बोलक्याला हाक मारायला दुसरं नाव दिलं. सुरू केलं. पट्टी झळकली. मी पाचपर्यंत मोजलं. पट्टी गेली नाही. कॅमेऱ्याचा दिवा लागला.

किड्याचे डोळे अक्षरांवरून सरकू लागले. मग ते चोंदलेलं नाक बोललं, “फौजदार, फार वेळ लावलास.”

मला तो लहानपणापासून फौजदार म्हणतो. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

डॉक्टर वेळेवर आल्या. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि सगळं पुन्हा नीट समजावलं, नळी बसवली तर काय, नाही तर काय. मग विचारलं, “तुला काय हवंय?”

“नळी नको.”

“यंत्राशिवाय फार दिवस निघणार नाहीत, हे कळतंय ना?”

“कळतंय. घरीच राहीन. नको म्हणजे नको.”

त्यांनी प्रश्न फिरवून आणखी एकदा विचारला. उत्तर तेच आलं. मग त्या उठल्या आणि औषधांचं लिहायला बाहेरच्या खोलीत गेल्या. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही.

“आई,” किड्याचा आवाज आला. अक्षरं जुळवायला त्याला वेळ लागत होता, आणि आम्ही दोघी त्या पट्टीकडे बघत उभ्या होतो. “परवा मी जागा होतो.”

आईने पलंगाची कड धरली.

“पापण्या तेवढ्या अर्ध्या मिटल्या होत्या. कॅमेरा तू बंद केला होतास. तू चिठ्ठी वाचलीस. माझ्याकडे बघितलंस. मग दाबलंस. मी ओरडत होतो. आतल्या आत.”

“नको रे,” आई म्हणाली. “नको बोलूस.”

“रागावलो नाही. ऐक फक्त. पुढे डोळेही जाणार आहेत. मग रोज परवासारखं. नळी असेल तर किती वर्षं, कुणाला ठाऊक. म्हणून नको.”

आई खाली बसली. जमिनीवरच, पलंगाच्या लाकडाला डोकं टेकून. मी तिला उठवायला गेले तर तिने माझा हात झटकला. बाहेर डॉक्टरांच्या पेनचा आवाज तेवढा येत होता. मग तिने डोकं वर न करताच विचारलं, “परवापासून काय काय सांगायचं राहिलं रे तुझं?”

डोळे अक्षरांवरून हळूहळू फिरले.

“उजवा कान खाजतोय. परवापासून.”

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कशीबशी. त्याच्या उशाशी गेली आणि कान खाजवू लागली.

“इथे?”

“वर.”

“इथे?”

“अजून वर.”

“इथे का?”

“हां,” तो म्हणाला. “तिथेच. थांबू नकोस.”