भिंतीवर रंगवलेलं दार

तिला पाल हे नाव तिच्या दादाने ठेवलं होतं. लहानपणी घरात मोठी माणसं बोलायला बसली, की ही भिंतीला चिकटून, श्वास रोखून ऐकत उभी राहायची आणि कुणी हाकललं की सुळकन नाहीशी व्हायची. पुढे ती संगणकावरचे भीतीचे खेळ बनवायला लागली, तेव्हा खाली नाव काय टाकायचं यावर तिने फार डोकं चालवलं नाही. पाल, एवढंच टाकलं. खेळणाऱ्या लोकांनी तिची पालबाई केली.

दिवसा ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून तोंडाची मापं यायची, ही मेणात एकेक दात बसवायची, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवायची आणि शेवटी सगळं घासून गुळगुळीत करायची. उरलेला वेळ खेळांचा. चित्रं तिची, गोष्ट तिची, आवाजही तिचेच. दाराची करकर हवी असली की ती आपल्याच कपाटासमोर माइक धरून बसायची.

तिच्या एका खेळाचं नाव होतं ‘कुणी आलं होतं का?’. त्यात खेळणारा रोज संध्याकाळी आपल्या घरी परततो आणि घरात काहीतरी जरासं बदललेलं असतं. खुर्ची सरकलेली. उशीला खळगा. नळाखाली एक ओली कपबशी जास्तीची. भूत म्हणून काही दिसतच नाही. पण त्या घरातला लांबलचक बोळ ओलांडून झोपायच्या खोलीत जायचं म्हटलं, की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

आणि हे खेळ बनवताना होणारी फजिती ती इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहायची. एकदा दातांची कडकड ध्वनिमुद्रित करायला तिने कामावरची एक रद्द झालेली कवळी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर विसरली. सकाळी ती बघून दादा आठवडाभर जीभ फिरवून स्वतःचे दात चाचपत होता. आईचा फोन आला आणि खेळातला माणूस पछाडलेल्या घरात शिरतोय असं हिने सांगितलं, तर आईचा पहिला प्रश्न, ‘‘पाय पुसून शिरतोय ना?’’ असलं सगळं. खेळ न खेळणारी माणसंसुद्धा ते वाचायला यायची.

घोडं तिथेच अडलं. तिसरा खेळ अर्धाअधिक झाल्यावर तिने तो काही ओळखीच्या खेळाडूंना पाठवला. त्यातल्या एकाने खेळतानाचं चित्रण परत पाठवलं. ज्या जागी त्याची बोबडी वळायला हवी होती, त्या जागी तो खो खो हसला. ‘‘पालबाई पण ना!’’ असं म्हणाला आणि मजेत पुढे गेला.

तेव्हापासून तिच्या जिवाची घालमेल सुरू झाली. आपणच विनोद करून करून आपल्या भुतांचे दात पाडले, असं तिला वाटायला लागलं. तिने लिहिणं थांबवलं. खेळात आणखी भुतं घातली. एक छताला लटकवलं, एक पलंगाखाली कोंबलं, एकाला लांब हात दिले. ते हात बघून तिचं तिलाच वाटलं, की हा बिचारा माळ्यावरचा डबा काढायला आलाय. तिने हात कापले, पुन्हा लावले. कामावरही लक्ष लागेना. मालकीणबाईंनी एक कवळी तिच्यासमोर धरली.

‘‘अगं, या आजोबांना दोन्हीकडे डाव्याच दाढा बसवल्यायस. चावायचं की वळण घ्यायचं त्यांनी?’’

एरवी या वाक्यावर तिने अख्खा लेख पाडला असता. आता ती नुसती ‘हो, चुकलं’ म्हणाली आणि मेण तापवायला वळली.

तशातच सिस्टरचा निरोप आला. सिस्टर म्हणजे एका रुग्णालयातली परिचारिका. पालबाईच्या खेळांवर जीव टाकणारी काही मंडळी तिने जमवली होती आणि ती रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या खोलीत भेटायची. ‘‘एकदा तुम्ही याल का?’’ असं तिने फार अदबीने विचारलं होतं. पालबाईने ‘जमणार नाही’ कळवलं. मग त्या रविवारी ती पहाटेपासून घरभर फिरत राहिली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

दादा शाळेची बस चालवायचा. रविवार हा त्याचा लोळायचा दिवस. त्याने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं.

‘‘पायाला भिंगरी लावलीयस का? जा ना एकदाची तिकडे.’’

‘‘ते हसतील, दादा.’’

‘‘मग काय झालं? हसवण्यासाठीच लिहितेस ना?’’

‘‘लिहिते हसवण्यासाठी. खेळ घाबरवण्यासाठी बनवते. ते दोन्हीला हसले तर मी काय करू?’’

दादाने पांघरूण पुन्हा ओढून घेतलं. ‘‘जाताना दार ओढून घे,’’ म्हणाला आणि कूस बदलली.

वाचनालय एका रंगाच्या दुकानावर होतं. जिन्यात टर्पेंटाइनचा वास भरला होता. ती दारापर्यंत गेली, परत अर्धा जिना उतरली, पुन्हा चढली. आपण कोण ते सांगायचं नाही, मागे बसून बघायचं आणि निघायचं, असं तिने ठरवलं.

खोलीत लख्ख ऊन होतं. डझनभर माणसं, मधे टेबल, टेबलावर मोठा पडदा. सिस्टरने हसून खुर्ची पुढे केली. ‘‘नवीन ना? बसा. इथे नाव सांगायची सक्ती नाही, घाबरायची आहे.’’

शेजारी एक धिप्पाड माणूस बसला होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचं बोलणं चालूच होतं. ‘‘मी पठ्ठ्या काळ्याकुट्ट खड्ड्यात दोरावर लोंबकळतो, काही वाटत नाही. पण त्या बोळात माझा पाय पुढे पडत नाही. म्हणून मी आधी बाईंचा एखादा लेख वाचतो. तो कवळीवाला. हसून घेतो पोटभर. मग खेळायला बसतो. ती काळजाची धडधड थांबली नाही, तर आणखी एक लेख. आता लेख बंद झालेत तर माझा खेळही अडलाय. जुने सगळे पाठ झाले.’’

‘‘मला तर लेख वाचून जास्त भीती वाटते,’’ मागून एक तरुणी म्हणाली. ती इमारतींचे नकाशे काढायच्या कचेरीत होती, सगळे तिला नकाशेवाली म्हणत. ‘‘इतकं साधं, आपल्यासारखंच घर आहे हो त्यांचं. भाऊ आहे, आईचा फोन येतो. म्हणजे ते जे येतं ना, ते आपल्याकडेही येऊ शकतं.’’

पालबाई खाली मान घालून बसली. तिला तिथून पळूनही जायचं होतं आणि त्या मुलीला हेच पुन्हा एकदा बोलायला लावायचंही होतं. तिने पर्सचा पट्टा बोटाला इतका गुंडाळला की बोट पांढरं पडलं.

‘‘आज एक गंमत आणलीय,’’ नकाशेवाली म्हणाली. ‘‘पण ज्याने बघितली नाही त्यानेच खेळायचं.’’ सगळ्यांच्या नजरा नव्या बाईंकडे वळल्या. ‘‘नको, मला येत नाही,’’ ती पुटपुटली; पण लिफ्टवाल्याने खुर्चीसकट तिला टेबलाशी नेलं.

पडद्यावर ‘कुणी आलं होतं का?’ उघडला. तिचंच घर, तिचीच खुंटी, तिनेच भिंतीला पाडलेला पोपडा. ती त्या घरातून अशी चालू लागली जशी आपण आपल्या स्वयंपाकघरात चालतो. सरकलेल्या खुर्चीकडे तिने पाहिलंही नाही. दिवाणावरची उशीही मागे टाकली.

‘‘अहो, जरा घाबरा की!’’ सिस्टर म्हणाली. ‘‘आमची तर गाळण उडाली होती इथे.’’

तिला कसनुसं झालं. आपल्याच खेळाची भीती आपल्याला कधीच वाटणार नाही, हे तिला माहीत होतं. स्वयंपाक्याची भूक वासानेच मरते, तसं काहीसं. ती बोळात शिरली. झोपायच्या खोलीच्या पुढे, बोळाच्या टोकाला, आणखी एक दार होतं. दार कसलं, चित्र होतं ते. भिंत ओकीबोकी दिसत होती म्हणून तिने एका दुपारी दाराचं नुसतं चित्र चिकटवलं होतं. त्याला कडी नव्हती, मागे खोली नव्हती. मागे काहीच नव्हतं. जगात ही गोष्ट तिच्याइतकी खात्रीने कुणालाच ठाऊक नव्हती.

ती वळणार, एवढ्यात ते दार बोटभर आत सरकलं.

तिच्या डोळ्यांसमोर फट रुंद होत गेली. आत अंधार, आणि अंधारात कुणीतरी काहीतरी सावकाश घासत होतं. घासणं थांबलं. मग अगदी शांत, घरगुती आवाज आला, ‘‘पाय पुसून ये.’’

ती किंचाळली. अशी किंचाळली की खालच्या दुकानातला माणूस जिन्याच्या तोंडाशी आला. खुर्ची मागे कोसळली आणि ती पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली, लहानपणी भिंतीला चिकटायची तशी.

खोलीत कुणीच हसलं नाही. सगळे तिच्याकडे डोळे फाडून बघत होते.

‘‘ही किंकाळी...’’ लिफ्टवाला हळूच म्हणाला.

त्या खेळात शेवटी एक किंकाळी होती. पालबाईने ती स्वतःच्याच गळ्यातून काढली होती, बोटावर तापलेलं मेण सांडलं त्या दिवशी. या मंडळींनी ती इतक्यांदा ऐकली होती, की सख्ख्या बहिणीच्या हाकेसारखी त्यांना ती ओळखू येत होती.

‘‘पालबाई?’’ सिस्टरने विचारलं.

तिने मान हलवली. बोलायला तोंड उघडलं तर दातच वाजत होते. कुणीतरी खुर्ची उभी केली, कुणीतरी पाणी आणलं. नकाशेवालीचा चेहरा पार पडला होता.

‘‘माफ करा हं. तुम्हाला न विचारता, खेळाच्या फायली उघडून आम्ही तुमच्या घरात खोली बांधली. दार होतं, पण आत जाताच यायचं नाही. मला राहवेना. आवाज सिस्टरचा आहे. तुम्ही लिहिणं थांबवलंत, तर वाटलं, तुम्हाला पाठवू. मग धीर झाला नाही.’’

‘‘आत काय आहे?’’ पालबाईने विचारलं.

‘‘अं?’’

‘‘त्या खोलीत. काय आहे आत?’’

‘‘तुम्ही आहात,’’ नकाशेवाली ओशाळून म्हणाली. ‘‘पाठमोऱ्या. कवळी घासताय. बाकी काही नाही. मला माणसाचा चेहरा जमत नाही.’’

आता मात्र तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि अंगावरचा काटा तसाच होता. दोन्ही एकदम, एकाच अंगावर. तिने खुर्ची ओढली. ‘‘पुन्हा लाव. आणि दार उघडायला इतका वेळ का ठेवलास ते सांग मला.’’

मग दुपार होईपर्यंत नुसता गलका. लिफ्टवाला म्हणाला, दार भराभर उघडलं असतं तर त्याला हसू आलं असतं. सिस्टर म्हणाली, रागावून बोलून पाहिलं होतं, त्यात मजा नव्हती. माया केल्यासारखं बोलल्यावर तिची तिलाच भीती वाटली. कुणी दादाची खुशाली विचारली, कुणी आईची. निघताना लिफ्टवाला जिन्यापर्यंत आला. ‘‘बाई, ते तेवढे लेख सुरू करा. माझी झोप तुमच्या हातात आहे.’’

घरी आल्यावरही तिला बसवेना. पण आता हात शिवशिवत होते. तिने छतावरचं भूत काढलं, पलंगाखालचं काढलं. लांब हातवाल्याला काढताना तिला थोडं वाईट वाटलं. उरली ती फक्त एक म्हातारी, खेळणाऱ्याच्या स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून त्याच्या आवडीनिवडी विचारणारी. नकाशेवालीने घराचा आराखडा नव्याने काढून दिला. आणि पानावर पालबाईने आपल्याच किंकाळीची आणि अर्धा जिना उतरून परत चढल्याची हकिकत लिहिली. दादाने ती वाचून, आपलं लोळणं जगजाहीर केलं म्हणून दिवसभर अबोला धरला.

खेळ पुरा झाला तेव्हा पहिल्यांदा खेळायला तिने लिफ्टवाल्याला घरी बोलावलं. तो आला, येताना बहुतेक एखादा लेख वाचूनच, कारण दारातच हसत होता. पाय पुसले, बसला. ती स्वयंपाकघरात गेली. डबे उगाच इकडचे तिकडे केले. बाहेरून त्याचं हसणं ऐकू आलं आणि तिने हातातला डबा खाली ठेवला. मग हसणं थांबलं.

तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, पण उंबरठा ओलांडेना.

‘‘तुम्ही अशा पाठमोऱ्या उभ्या राहू नका हो,’’ तो म्हणाला. ‘‘इकडे तोंड करा आधी.’’

ती वळली. त्याच्या कपाळावर घाम होता.

‘‘झाला खेळून?’’

‘‘कसला! ती विचारतेय, भाजीत मीठ कमी झालंय का. आणि मी तर अजून जेवलोच नाहीये. मी एकटा तिथे उत्तर देणार नाही, सांगून ठेवतो. तुम्ही बसा शेजारी.’’

ती जाऊन बसली. त्याने माउस तिच्याकडे सरकवला. ‘‘तुम्हीच चालवा. मी डोळे झाकून घेतो, काय झालं ते सांगा.’’

‘‘मला सगळं माहीत आहे त्यातलं,’’ ती म्हणाली.

‘‘त्या दिवशीही माहीत होतं.’’

तिने माउसवर हात ठेवला. तो ओला लागला. हा घाम त्याच्या हाताचा, की आपल्या, ते तिला कळेना.